चार हजार किलोमीटर आणि एक भिंत

परदेशी स्थायिक झालेल्या कोणत्याही समाजाचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्यात प्रार्थनामंदिरे, लग्नकार्ये आणि नोकऱ्याचाकऱ्या यांच्याबरोबर घरातील करमणुकीच्या साधनांचेही एक प्रकरण घालावे लागेल. आपल्या बेने इस्राएल मंडळींच्या बाबतीत तर ते प्रकरण बरेच मोठे होईल. इस्राएलमध्ये सार्वजनिक चित्रवाणी १९६८ साली सुरू झाली आणि मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे रंगीत चित्रासाठी दोन्ही देशांनी पाल ही एकच पद्धत पत्करली. याचा आपणांस झालेला लाभ लहानसा, परंतु मोलाचा होता. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत कोकम, पोहे आणि पापड यांच्या जोडीला एखादी व्हिडिओ कॅसेट असली, की ती येथील यंत्रात विनातक्रार चाले. अमेरिकेतील आपल्या आप्तांना हे सुख नव्हते, कारण तेथील पद्धत निराळी होती.

कॅसेट गेली, गच्चीवरची तबकडी आली; आता तबकडीचीही गरज उरलेली नाही. मराठी नाटक, चित्रपट, मालिका, कीर्तन, जे हवे ते काचेच्या तंतूतून, हवे त्या वेळी घरात येते. मुंबईत रात्री आठ वाजता लागणारा कार्यक्रम आपल्या घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेचारला लागतो, तो रात्री जेवणानंतरही पाहता येतो. इतके सारे असूनही आपल्या घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. चित्र मध्येच थांबते, पडद्यावर ते चक्र गरगर फिरत राहते, आणि म्हातारी माणसे कंटाळून संच बंद करून बसतात. या तक्रारीचे मूळ कोठे आहे आणि तिचा उपाय करताना घरात कोणता दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहतो, हे आमच्या घरच्या अनुभवावरून वाचक बंधुभगिनींपुढे मांडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

आम्ही अश्दोदला राहतो. आमची इमारत १९९० च्या दशकाच्या अखेरची. १९९१ च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांत ममाद, म्हणजे काँक्रीटची संरक्षित खोली, बंधनकारक झाली, त्यामुळे आमच्या घरीही ती आहे. चार खोल्यांच्या घरात एक खोली केवळ संकटासाठी राखून ठेवणे कोणाला परवडते? बहुतेकांप्रमाणे आम्हीही ती निजण्याची खोली केली, आणि ती सासूबाईंना दिली. यामागे विचारही होता. त्यांचे वय चौऱ्याऐंशी, गुडघे दुखतात. भोंगा वाजल्यावर इतरांनी धावत त्यांच्याकडे यावे, त्यांना उठून कोठे जावे लागू नये.

सासूबाईंचे हिब्रू बाजारापुरते आणि दवाखान्यापुरते. माझे यजमान बंदरावर कामाला, मी प्राथमिक शाळेत गणित शिकवते, मुलगा लष्करातील सक्तीची सेवा संपवून शिकत आहे, मुलगी बारावीत. घरात दिवसभर हिब्रू चालते. मुलांना मराठी समजते, पण उत्तर हिब्रूतून येते. अशा घरात सासूबाईंच्या कानावर सलग, अस्खलित मराठी पडण्याचे एकच ठिकाण होते, ते म्हणजे त्यांच्या खोलीतील दूरदर्शन संच. गेल्या काही वर्षांत तेही बंद पडल्यासारखे झाले होते. नाटकातील पात्र वाक्य अर्धवट टाकून थिजून जाई, आणि ते वाक्य पुरे होईपर्यंत सासूबाईंची डुलकी लागे. पूर्वी त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला आदल्या रात्रीची गोष्ट सांगत. ते सांगणे थांबले. एखादे माणूस बोलण्याचे कमी होते, तेव्हा वय झाले असे म्हणून आपण मोकळे होतो. मला मात्र वाटू लागले, की या मौनाचा काही भाग त्या फिरत्या चक्राच्या खात्यावर मांडला पाहिजे.

मुंबईत डी. एड. करताना आम्हांला एक सूत्र घोकून पाठ करावे लागले होते: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे. वर्गात ते किती उपयोगी पडले हा वेगळा विषय, पण घराच्या बाबतीत मी त्याचाच अवलंब केला. चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा काढला. दिवाणखान्यात फायबरची तार जेथे येते तेथपासून प्रत्येक खोलीचे अंतर मोजले. मग मुलीला मोबाइल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरवले, वेग मोजणाऱ्या अ‍ॅपवरचे आकडे तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतले आणि कागदावर लिहिले. आमची जोडणी सेकंदाला ५०० मेगाबिटची. राउटरजवळ ४६० आला. स्वयंपाकघरात २१०, मुलांच्या खोलीत १५०. ममादमध्ये, दार उघडे असता, २२. दार लावल्यावर ३, आणि एकदा तर मोजणीच पुरी झाली नाही.

आता या आकड्यांचा अर्थ काय, ते पाहू. साध्या उत्तम प्रतीच्या चित्राला, ज्याला एचडी म्हणतात, सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट लागतात. मोठ्या पडद्यावरील सर्वांत तपशीलवार, म्हणजे फोर-के चित्राला १५ ते २५. तेव्हा एका घरात एकाच वेळी तीन पडदे एचडी आणि एक फोर-के चालला, तरी बेरीज ४० च्या वर जात नाही. ५०० ची जोडणी असलेल्या घरात वेग कमी पडतो असे म्हणणे, म्हणजे विहीर भरलेली असताना पोहरा फुटका आहे म्हणून पावसाला दोष देण्यासारखे आहे.

चित्रपट येतो तो अखंड धारेने येत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. त्याचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा निरनिराळ्या प्रतींत साठवून ठेवलेला असतो: सुस्पष्ट, मध्यम, धूसर. आपल्या संचातील यंत्रणा आधीच्या तुकड्याला किती वेळ लागला हे पाहून पुढचा कोणत्या प्रतीचा मागवायचा ते ठरवते, आणि काही तुकडे पुढचे पुढे साठवून ठेवते. वाट अरुंद झाली की ती धूसर प्रत मागवते, म्हणून चेहरे अंधुक होतात. धूसर प्रतही वेळेवर पोहोचेनाशी झाली आणि शिल्लक संपली, की ते चक्र फिरू लागते. शिवाय लोकप्रिय कार्यक्रमांच्या प्रती कंपन्या जगभर ठिकठिकाणी ठेवतात, त्यामुळे मुंबईचे नाटक दर वेळी मुंबईहूनच येते असे नाही. आणि आले तरी बिघडत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई येथून सरळ रेषेत साधारण चार हजार किलोमीटर. म्हणजे तेवढी मजल मारण्यास एका सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, म्हणून थोडा अधिक वेळ धरा. सारांश असा, की अरबी समुद्राने सासूबाईंचे नाटक कधीच अडवले नव्हते. ते अडत होते आमच्याच घरात, शेवटच्या आठ मीटरांवर.

अडवणारी होती ती भिंत. ममादच्या भिंती वीस ते चाळीस सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटच्या, आत लोखंडी सळयांचे जाळे, दार पोलादी, खिडकीवर सरकते पोलादी झाकण. स्फोटाचा धक्का आणि लोखंडाचे तुकडे बाहेर ठेवण्यासाठी जी बांधली, ती खोली रेडिओलहरींनाही बाहेरच ठेवणार, यात नवल काय? वाय-फाय म्हणजे अखेर रेडिओलहरीच. त्यांच्या नेहमीच्या दोन पट्ट्या आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साडेबारा सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची सुमारे सहा. पहिल्या भिंतीतून थोड्या बऱ्या जातात, परंतु त्यांच्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग जेमतेम तीन. आमच्या आठ मजली इमारतीत प्रत्येक घराचा राउटर त्याच तीन मार्गांवर बोलत असतो. दुसऱ्या पट्टीत जागा ऐसपैस, पण भिंतीपुढे ती लवकर हात टेकते. अलीकडे ६ गिगाहर्ट्झची तिसरी पट्टीही आली आहे. भिंतीच्या बाबतीत तिचे बळ त्याहूनही थोडे कमीच.

निदान झाले, पण उपाय सांगणाऱ्यांची वाण नव्हती. एका कंपनीच्या विक्रेत्याने दूरध्वनीवरून १००० मेगाबिटची जोडणी घेण्याचा आग्रह केला. मी त्यास विचारले, की दिवाणखान्यात १००० आले तर ममादमध्ये बंद दारामागे किती येतील? त्यावर त्याने विषय बदलून सवलतीचा काळ सांगितला. शेजाऱ्यांनी रिपीटर सुचवला. तो साधा रिपीटर ज्या लहरींवर ऐकतो त्याच लहरींवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि तो ठेवायचा कोठे? भिंतीच्या बाहेर ठेवला तर त्याचे बोलणे आत जात नाही, आत ठेवला तर त्याला बाहेरचे ऐकू येत नाही. मुलाने जाळे-पद्धतीचा, म्हणजे मेशचा, तीन डब्यांचा महागडा संच दाखवला. ही पद्धत चांगली आहे, विटांच्या किंवा पातळ भिंतींच्या मोठ्या घरात तिने बरेच साधते. पण तिचे डबेही तारेविना एकमेकांशी बोलतात ते रेडिओलहरींनीच, आणि भिंत डब्याची किंमत विचारत नाही. निष्कर्ष एकच निघाला. भिंत ओलांडायची असेल, तर तारेनेच.

येथवर सारे गणित होते. रात्री जेवताना मी हे सर्व सांगितले, नकाशा दाखवला, सासूबाईंच्या खोलीत तार जाईल, नवा मोठा संच लावू, त्यांना हवे ते मराठी कार्यक्रम सुखाने पाहता येतील, असे म्हणाले. सासूबाई भात कालवता कालवता थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मला आता तिकडंच बसवून ठेवणार तर."

कोणी काही बोलेना. यजमान म्हणाले, "आई, तुझ्या सोयीसाठीच ना हे?" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सोय होईल रे. पण सोय झाली की माणूस बाहेर कशाला येईल?"

वाचकहो, मोजमापाच्या कागदावर हा प्रश्न कोठेही नव्हता. आपल्या लहानपणी चाळीत एखाद्याच घरी संच असे आणि मजल्यावरची सारी मुले त्याच्यापुढे मांडी घालून बसत. पुढे प्रत्येक घरी एक संच झाला आणि घरातील माणसे त्याच्याभोवती बसू लागली. आता प्रत्येक हातात पडदा आहे आणि प्रत्येकजण आपापल्या दाराआड. जोडणी जितकी सुधारावी तितकी ही दारे घट्ट लागतात. मुलांचे दार लागले तर ते आपल्या मित्रांकडे जातात, त्यांचे जग मोठे असते. म्हातारीचे दार लागले तर ती एकटी राहते, तिच्यापाशी मराठी असते आणि मुलांपाशी ते नसते. आम्ही भिंत ओलांडण्याच्या खटपटीत दुसरी भिंत बांधणार होतो, आणि ती त्यांनी आधी पाहिली.

म्हणून नकाशा बदलला. तारा दोन टाकायच्या ठरल्या. एक ममादकडे, कारण ती गरजेचीच होती. आणि दुसरी दिवाणखान्यातील संचाकडे. मोठा नवा पडदा दिवाणखान्यात लावायचा, जुना लहान संच सासूबाईंच्या खोलीत राहू द्यायचा. त्यात भर एका नियमाची: शब्बाथ संपल्यावर हवदाला झाली, की शनिवारी रात्री दिवाणखान्याच्या पडद्यावर आजी सांगतील ते लागेल आणि ज्याला जेवण हवे त्याने तेथे बसावे. मुलाने हरकत घेऊन पाहिली. मुलगी म्हणाली, "दर शनिवारी?" सासूबाई म्हणाल्या, "दर शनिवारी नको, पोरांना मित्र आहेत. एक सोडून एक." करार झाला.

काम काय केले ते थोडक्यात सांगते, कारण पुष्कळांना त्याचा उपयोग होईल. ममादच्या भिंतीस मनास येईल तसे भोक पाडू नये. ती खोली मजबूत आणि हवाबंद राहावी यासाठी नियम आहेत आणि ते आपल्याच जिवासाठी आहेत. सुदैवाने आमच्या ममादमध्ये टेलिफोनची जुनी जोडणी होती. भिंत ओतली तेव्हाच तिच्या तारेसाठी नळी बसवलेली. ती तार कित्येक वर्षे कोणी वापरली नव्हती. तिच्या टोकाला भक्कम दोरी बांधून तार दुसऱ्या बाजूने ओढून काढली, तिच्यामागून नळीत दोरी आली, आणि त्या दोरीने नवी इथरनेटची तार आणली. हे काम विजेच्या कामाचा परवाना असलेल्या माणसाकडून करवले आणि नळीचे तोंड त्याने योग्य साहित्याने पूर्ववत बंद केले. एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की विजेच्या तारांच्या नळीतून ही तार कदापि नेऊ नये; ते धोक्याचे आहे.

तार कॅट-६ प्रकारची घेतली. तिच्यात आठ बारीक तारा असतात, दोन दोनांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घातलेली. त्या पिळामुळे बाहेरचा विद्युत् गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि पलीकडे तो वजा करता येतो. अशा तारेतून शंभर मीटरपर्यंत सेकंदाला १००० मेगाबिट जातात. आम्हांला हवे होते अकरा मीटर. टोकांना खुंटी बसवताना रंगांचा क्रम चुकता कामा नये. मुलीने तो मराठीतून पाठ केला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सासूबाई खाटेवर बसून तो ऐकत होत्या आणि "तपकिरी"चा उच्चार दोनदा सुधारून घेतला. ममादच्या आत तारेच्या टोकाला वाय-फायचे एक छोटे केंद्र लावले, त्यालाच संच तारेने जोडला. राउटर दिवाणखान्यातील कपाटाच्या बंद खणात होता, तो बाहेर काढून उंच जागी ठेवला. एवढ्याने मुलांच्या खोलीतील आकडा दीडशेचा अडीचशे झाला, पैशाचा खर्च न होता.

दार लावून मोजले. मोबाइलवर ४३० आले. संचावर मात्र ९४. मुलगा हिरमुसला, पण त्यात दोष नव्हता. बहुतेक दूरदर्शन संचांतील तारेची खुंटी १०० मेगाबिटचीच असते, आणि फोर-के चित्राला २५ पुरतात. मोठ्या पण लहरी आकड्यापेक्षा लहान पण स्थिर आकडा बरा, हे मी वर्गात मुलांनाही सांगते. त्या रात्री सासूबाईंनी एक तीन अंकी नाटक अथपासून इतिपर्यंत पाहिले. सकाळी चहा घेताना त्यांनी मला त्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या अंकात नायिकेने चूक केली, असे त्यांचे ठाम मत होते.

आणखी एक लहान गोष्ट केली, ती पुढे फार मोठी ठरली. जुन्या टेलिफोनला केंद्राकडूनच वीज मिळे, घरची वीज गेली तरी तो चाले. फायबरचे तसे नाही. काचेतून वीज येत नाही. घरातील दिवे गेले की फायबरचे यंत्र आणि राउटर दोन्ही बंद. म्हणून त्यांना आणि ममादमधील केंद्राला बॅटरीचे छोटे राखीव संच जोडले. हे सारे २०२५ च्या वसंतात, पेसाहपूर्वी पुरे झाले.

१३ जून २०२५ च्या पहाटे इराणबरोबरचे युद्ध सुरू झाले आणि २४ जूनपर्यंत चालले. ते बारा दिवस आपणां सर्वांना ठाऊक आहेत, त्यांचे वर्णन करण्याचे कारण नाही. त्या रात्री आम्ही पाचही जण सासूबाईंच्या खोलीत होतो. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच खोलीत दार लावल्यावर मोबाइल मुका होत असे. बाहेर काय चालले आहे, केव्हा बाहेर पडावे, बहिणीच्या घरी सर्व ठीक आहेत का, काहीच कळत नसे. या वेळी सूचना आत येत होत्या, बहिणीचा चेहरा दिसत होता, मुंबईहून दिराचा फोन येत होता. बॅटरीवर चालणारा रेडिओही जवळ होताच, आणि तो प्रत्येकाने ठेवावा. कारण तारेवर सर्वस्वी विसंबून राहू नये. एका रात्री तीनच्या सुमारास सासूबाईंनी लहान आवाजात एक जुने विनोदी नाटक लावले. कोणी ते पाहत नव्हते. मुलगा जमिनीवर गादी टाकून पडला होता, मुलगी भिंतीला टेकून बसली होती. खोलीत मराठी बोलले जात होते, एवढेच. मला स्वतःला त्या आवाजाने जितके बरे वाटले तितके बातम्यांनी वाटले नाही.

शनिवारच्या रात्रींबद्दल सांगावयाचे तर त्या सर्वच यशस्वी होतात असे नाही. कधी मुलगा अर्ध्यातून उठतो. हिब्रू उपशीर्षके क्वचितच मिळतात, इंग्रजी पुष्कळदा असतात, आणि यंत्राने आपोआप केलेली भाषांतरे कधी कधी हसू येईल इतकी चुकतात. शिवाय प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगळे असल्यामुळे मुंबईत दिसणारे प्रत्येक चित्र येथे दिसतेच असे नाही. पण या नव्या पद्धतीत एक गुण असा आहे, की चित्र थांबवून प्रश्न विचारता येतो. शिक्षिका म्हणून मी या गुणाला फार मान देते. १९५४ चा "बूट पॉलिश" लावला होता तेव्हा मुलीने डेव्हिड पडद्यावर आल्याबरोबर थांबवून विचारले, हे कोण? सासूबाई म्हणाल्या, "हा आपला. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे अलिबागच्या खाली." मग आमचे आडनाव कोणत्या गावावरून, तुमचे माहेर कोणते, तेलाचे घाणे कोणाकडे होते, शनिवार तेली हे नाव का पडले, असे प्रश्न निघत गेले. चित्र पाऊण तास थांबलेले होते. ते त्या रात्री पुरे झाले नाही.

त्यातूनच पुढचे काम निघाले. कपाटाच्या माळ्यावर आमच्या बावीस जुन्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. चुंबकीय फीत काळाने झिजते, तिच्यावरचा थर सुटतो, आणि त्या चालवणारी यंत्रेही आता दुर्मिळ झाली आहेत. एका परिचितांकडून चालू स्थितीतील यंत्र आणले, ते एका छोट्या जोडणीने संगणकाला लावले, आणि दर आठवड्याला दोन याप्रमाणे सर्व फिती उतरवून घेतल्या. दोन तासांची फीत एका डीव्हीडीत मावेल एवढी जागा घेते, म्हणजे बावीस फितींना आजच्या लहानशा हार्ड डिस्कचा कोपराही पुरतो. ती डिस्क राउटरला जोडली, आणि आता घरातील प्रत्येक पडद्यावर त्या फिती चित्रपटासारख्याच उघडतात. दोन फिती बुरशीने गेलेल्या निघाल्या. बाकीच्या वाचल्या.

त्यांतील एक १९८७ ची. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नबीच्या टापांच्या ठिकाणी कुटुंबाने केलेल्या मलिद्याची. ताटात पोहे, गूळ, खोबरे, फळे. मागे नारळीची झाडे. आणि मलिद्याची प्रार्थना म्हणणारा सासऱ्यांचा आवाज. सासरे जाऊन सोळा वर्षे झाली. मुलाने आजोबांना पाहिले होते, पण आवाज त्याला आठवत नव्हता. प्रार्थना हिब्रूत होती, ती त्याला समजली. ती संपल्यावर सासरे मराठीत काहीसे म्हणाले आणि सारे हसले, ते मात्र त्याला समजले नाही. त्याने चित्र मागे नेले, पुन्हा ऐकले, आणि आजीला मराठीतच विचारले, "आजी, आजोबा काय बोलले?" त्या म्हणाल्या, "काही नाही रे. माश्या फार झाल्यात, लवकर वाटा, असं म्हणाले."

वाचक बंधुभगिनींनो, ज्यांच्या घरी असे काम काढावयाचे असेल त्यांना अनुभवाच्या आधारे दोनचार गोष्टी सुचवते. वेग विकत घेण्यापूर्वी प्रत्येक खोलीत मोजा, दार लावून मोजा आणि लिहून ठेवा. राउटर कपाटातून बाहेर काढा. ज्या जागा हलत नाहीत, जसे दूरदर्शन संच, तेथे तार द्या. वाय-फाय हातातील यंत्रांसाठी ठेवा. भिंतीत जुनी नळी आहे का ते आधी शोधा. म्हाताऱ्या माणसांच्या रिमोटवरील नको त्या कळांवर पट्टी चिकटवा आणि हव्या त्या चार कळा मोकळ्या ठेवा. आम्ही तसे केल्यापासून सासूबाईंनी कोणाला हाक मारलेली नाही. माळ्यावरच्या फिती खाली काढा, त्या थांबणाऱ्या नाहीत.

आणि तार कोठे न्यायची हे ठरवण्यापूर्वी, जिच्या नावाने ती न्यायची त्या माणसाला विचारा. आमच्या घरी तो प्रश्न आम्ही विचारला नाही, त्यांनीच विचारला, आणि त्यामुळे एका तारेच्या दोन तारा झाल्या. दुसऱ्या तारेची किंमत अकरा मीटरांना जितकी पडावी तितकीच पडली. असो. लेख बराच लांबला. पुढचा शनिवार आमच्याकडे चित्रपटाचा आहे आणि निवड अजून व्हावयाची आहे, म्हणून येथे लेखणी थांबवते.